स्कॉलरशिप नसलेल्या खेळाचा उघडा हिशोब

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम रंगायला लागतो. टीव्हीवर ड्यूक, कॅन्सस, केंटकी दिसू लागतात आणि ऑफिसात कॉफी मशीनपाशी त्यांच्याच गप्पा चालतात. त्याच आठवड्यात आणखी चारशेहून अधिक कॉलेजांचे पुरुष संघ मैदानात उतरलेले असतात, पण त्यांची नावं शेजारच्या राज्यातल्या माणसालाही धड सांगता येणार नाहीत. रँडॉल्फ-मेकन, ट्राइन, ख्रिस्तोफर न्यूपोर्ट, हॅम्पडेन-सिडनी, व्हिटनबर्ग. ही एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या, तिसऱ्या विभागातली, डिव्हिजन थ्रीमधली कॉलेजं. खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही, हा इथला मूळ नियम.

या विभागाबद्दल जेव्हा केव्हा कुणी लिहितं, तेव्हा सूर ठरलेला असतो. मोठ्या कॉलेजांत पैशाने खेळ नासला, इथे मात्र मुलं निव्वळ आवडीपोटी खेळतात, खेळ अजून निर्मळ आहे वगैरे. मला हे कौतुक पटत नाही. पैसा इथेही आहे, फक्त तो उलट्या दिशेने वाहतो. तिकडे कॉलेज खेळाडूला पैसे देतं, इकडे खेळाडू कॉलेजला देतो. तरीही हा खेळ टिकावा आणि लोकांनी तो बघावा, असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण निर्मळपणा नव्हे. या खेळाचा हिशोब बाहेरच्या माणसाला अजून तपासता येतो, हे ते कारण. आणि नेमकी तीच गोष्ट आता हळूहळू विकायला काढली जाते आहे.

आधी थोडी ओळख. एनसीएएने १९७३ साली आपल्या कॉलेजांचे तीन विभाग केले. तिसऱ्या विभागाची पुरुष बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९७५ पासून सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद मेम्फिसच्या लमॉइन-ओवेन या कृष्णवर्णीयांच्या छोट्या कॉलेजाने पटकावलं. आज संख्येने हाच सगळ्यात मोठा विभाग आहे. पण एनसीएएच्या वर्षाच्या सव्वा अब्ज डॉलरहून मोठ्या उत्पन्नातला ३.१८ टक्के एवढाच वाटा त्याच्या पदरात पडतो. नियमित हंगामात जास्तीत जास्त पंचवीस सामने, मार्चमध्ये चौसष्ट संघांची बाद फेरीची स्पर्धा, आणि बाकी वर्षभर वर्ग, प्रयोगशाळा, परीक्षा.

मी राहतो तो शिकागोच्या पश्चिमेचा उपनगरी पट्टा. नेपरव्हिल आणि आसपास मराठी घरं भरपूर. नेपरव्हिलच्या ऐन मध्यवस्तीत नॉर्थ सेंट्रल कॉलेज आहे, शेजारी व्हीटन, पलीकडे एल्महर्स्ट. तिन्ही डिव्हिजन थ्रीत आणि तिन्ही एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपसात नियमित खेळणाऱ्या कॉलेजांच्या एकाच गटात. २०२२ साली एल्महर्स्टचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि तिथे रँडॉल्फ-मेकनने त्यांना ७५–४५ असं धुऊन काढलं. आमच्याकडच्या किती मराठी घरांना ही बातमी कळली असेल, देव जाणे. शाळेत मुलगा उंच निघाला आणि बरा खेळायला लागला की मात्र गणपतीच्या जेवणाच्या रांगेत चौकशी सुरू होते. "काका, डी-थ्रीमध्ये स्कॉलरशिप नसते म्हणे, मग खेळून मिळतं काय?"

प्रश्न अगदी व्यवहारी आहे आणि त्याचं उत्तरही व्यवहारीच द्यायला हवं. खेळाच्या नावाखाली पैसे मिळत नाहीत. गरज बघून किंवा गुणवत्ता बघून सवलत मिळते, आणि डिव्हिजन थ्रीतल्या सुमारे ऐंशी टक्के खेळाडूंना अशी काही ना काही मदत असते. अमेरिकेतली खाजगी कॉलेजं आपल्या छापील फीवर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून जास्त सूट देतात. म्हणजे छापील आकडा बघून घाबरायचं कारण नाही, आणि "आम्हाला इतकी सूट मिळाली" म्हणून मिरवायचंही कारण नाही. कोचचा शब्द प्रवेशाच्या वेळी कामाला येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकदा आत गेल्यावर मुलाने खेळ सोडला, तर त्याची सवलत त्या कारणावरून काढता येत नाही. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. कोच रागावला तर मुलाला बाकावर बसवेल. मुलाचं शिक्षण कोचच्या हातात नाही.

आता हंगामाच्या सुरुवातीला हा खेळ बघायचा कसा, ते सांगतो, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

ऑक्टोबर संपता संपता कॉलेजच्या क्रीडा पानावर नवा रोस्टर, म्हणजे संघाची यादी, लागतो. क्रमांक, नाव, जागा, उंची, कितवं वर्ष, गाव, शाळा, आणि बऱ्याच ठिकाणी मुख्य विषयही. बायोकेमिस्ट्री, अकाउंटिंग, प्राथमिक शिक्षण. हे पान लोक घाईघाईत उलटतात. तिथे थांबून नुसतं "कितवं वर्ष" हा रकाना मोजावा. बारा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचे) आणि दोनच सीनियर (चौथ्या वर्षाचे) असा रोस्टर दिसला, की समजायचं की इथे दरवर्षी मुलं भरती होतात आणि टिकत नाहीत. चार-चार-चार-तीन अशी उतरंड दिसली, तर तिथे कोच मुलांना चार वर्षं धरून ठेवतो. हे सांगायला कुठला शोधपत्रकार लागत नाही.

मग पहिले सामने. शुक्रवार-शनिवारी चार संघ एका जागी जमतात, दोन दिवसांत प्रत्येकाचे दोन सामने, बक्षीस म्हणून एक छोटा चषक आणि स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांची यादी. जिममध्ये एकाच बाजूचे लाकडी बाक बाहेर ओढलेले. पॉपकॉर्नच्या टेबलाशी सॉकर संघातल्या मुली, कोर्टाच्या कडेला घाम पुसायला टॉवेल घेऊन बसलेला कुणीतरी पहिल्या वर्षाचा. पाहुण्या संघाचे आई-वडील चार तास गाडी हाकून आलेले, आणि आपल्या मुलाची आद्याक्षरं असलेली टोपी न काढता शेवटपर्यंत बसलेले. खेळ बघावा तर अजून कच्चा. पास हातातून निसटतात, बचावात दोघे एकाच माणसामागे धावतात, कोच पाच-पाच मुलं एकदम बदलून बघतो.

आणि सामना संपल्यावर काही मिनिटांत बॉक्स स्कोअर, म्हणजे खेळाडूगणिक आकड्यांचा तक्ता, लागलेला असतो. नोव्हेंबरातला बॉक्स स्कोअर मी सगळ्यात आधी मिनिटांच्या रकान्यातून वाचतो. गुण कुणी किती केले, हे या महिन्यात फसवं असतं. एखाद्या रात्री एखाद्याचे सहा थ्री (रेषेबाहेरून टाकलेले तीन गुणांचे चेंडू) पडतात आणि पुढचे तीन आठवडे एकही पडत नाही. पण कोचने कुणाला किती मिनिटं दिली, चौथ्या फाउलनंतर कुणाला आत ठेवलं, शेवटच्या चार मिनिटांत चेंडू कुणाच्या हातात होता, ते प्ले-बाय-प्लेमध्ये ओळीओळीने लिहिलेलं असतं. गेल्या वर्षीचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा खेळाडू, पदवी घेऊन गेला, त्याची जागा कोण घेणार, याचं खरं उत्तर कोचच्या मुलाखतीपेक्षा तिथे सापडतं. टर्नओव्हरचा, म्हणजे चेंडू गमावल्याचा, आकडा वीसच्या पुढे असेल, तर उत्तर अजून सापडलेलं नाही.

क्रमवारीचं मात्र वेगळं. डीथ्रीहूप्स या संकेतस्थळाची पहिल्या पंचवीस संघांची मतदानाने ठरणारी यादी हंगामाआधीच येते आणि आम्ही सगळे तिच्यावर तुटून पडतो. त्यात गैर काही नाही, पण ती यादी म्हणजे बव्हंशी गेल्या मार्चची आठवण असते. न्यू इंग्लंडमधल्या नेस्कॅक कॉन्फरन्सची अकरा कॉलेजं, म्हणजे विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, टफ्ट्स वगैरे, सरावच नोव्हेंबर उजाडल्यावर सुरू करतात. इतरांचे सामने सुरू झालेले असतात, तेव्हा हे अजून जुळवाजुळव करत असतात. त्याच कॉन्फरन्समधल्या ट्रिनिटीने २०२५ साली न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला ६४–६० हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. नोव्हेंबरच्या मध्यावर कुणाचं किती पाणी आहे हे छातीठोक सांगणाऱ्याला जरा दमानं घे म्हणावं.

असं असलं तरी, "सुरुवातीचे सामने काय, सरावासारखेच" असं म्हणणारे माझ्या मते सपशेल चुकतात. मार्चमधल्या चौसष्ट जागांपैकी बहुतेक कॉन्फरन्स विजेत्यांना थेट मिळतात. उरलेल्या मोजक्या जागा कुणाला द्यायच्या, हे आता २०२४–२५ पासून एनपीआय नावाच्या गणिताने ठरतं. पूर्वी समित्या प्रादेशिक क्रमवाऱ्या लावत. कुणाचं नाव का वर गेलं आणि कुणाचं का खाली आलं, यावर मार्चभर तोंडसुख घ्यायला वाव असायचा. आता स्वतःचे विजय, प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, सामना घरचा की बाहेरचा, तगड्या संघाला हरवल्याचं जादा श्रेय, असं सगळं सूत्रात बसवलेलं असतं, आणि ते सूत्र जाहीर आहे. निकाल हाताशी असले की कुणीही घरी बसून ते चालवून बघू शकतो, आणि काही हौशी लोक दर आठवड्याला बघतातही.

या गणिताला नोव्हेंबरचा सामना आणि फेब्रुवारीचा सामना सारखाच. किंबहुना नोव्हेंबरचा जास्तच महत्त्वाचा. आमच्या इथल्या कॉन्फरन्समध्ये नऊ संघ आहेत. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं म्हणजे सोळा सामने आपसातलेच झाले. आपसात एक जिंकला की दुसरा हरणारच, त्यातून कॉन्फरन्सची एकूण पत वाढत नाही की घटत नाही. ती ठरते बाहेरच्या उरलेल्या नऊ सामन्यांत, आणि त्यातले बहुतेक नाताळच्या आतच उरकतात. इलिनॉयच्या संघाने विस्कॉन्सिनच्या सरकारी विद्यापीठाला हरवलं, त्या विद्यापीठाने मिनेसोटातल्या कुणाला हरवलं, अशा दुव्यांमधूनच गणिताला देशभरातल्या संघांची तुलना करता येते. दुवे नसतील, तर प्रत्येक कॉन्फरन्स आपापल्या डबक्यात राजा. म्हणून नोव्हेंबरात कोण कुणाशी खेळायला तयार झालं, हे बघायला हवं. ज्याने चार तगडे संघ घेतले आणि दोनदा हरला, त्याच्याबद्दल मला ज्याने सहा लिंबूटिंबू घेतले आणि सहाही जिंकले, त्याच्यापेक्षा जास्त आदर वाटतो.

लिंबूटिंबूंचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचं. २० नोव्हेंबर २०१२, म्हणजे हंगामाची सुरुवातच. जॅक टेलर नावाच्या गार्डने एका सामन्यात १३८ गुण केले. बास्केटवर १०८ वेळा चेंडू टाकला, त्यातले ७१ तीन गुणांच्या रेषेबाहेरून. समोर होतं फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज, एनसीएएच्या बाहेरचं, चिमुकलं. निकाल १७९–१०४. दुसऱ्या दिवशी देशभर बातमी. त्या बायबल कॉलेजच्या एका मुलाने त्याच सामन्यात ७० गुण केले, तेही बहुतेकांना माहीत नसतं. ग्रिनेलची पद्धत, म्हणजे धावत सुटायचं, दर मिनिटाला पाचही खेळाडू बदलायचे, भराभर थ्री टाकायचे, ही मला मनापासून गमतीची वाटते. कोच डेव्हिड आर्सेनो यांनी ती आपल्याकडची सगळी मुलं खेळावीत म्हणून काढली, असं सांगितलं जातं. पण १३८ च्या रात्री नेमकं उलटं झालं. चार मुलं एकाला चेंडू पुरवत राहिली आणि तो टाकत राहिला. आजच्या हिशोबात तो सामना धरलाच जात नाही, कारण विभागाबाहेरच्या संघाशी झालेले सामने एनपीआय मोजत नाही. विक्रम पुस्तकात राहिला, गणितात शून्य. मला हे योग्य वाटतं.

तर हिशोब उघडा असतो, म्हणजे काय, ते असं. रोस्टर, मिनिटं, वेळापत्रक, सूत्र. वेळापत्रकातली आणखी एक खूण कुणीही तपासून बघावी. डिसेंबरच्या मध्याला बहुतेक संघांच्या सामन्यांमध्ये आठ-दहा दिवसांची मोठी फट दिसते. ती सत्रपरीक्षांची. जाहिरातीत "आमचे खेळाडू आधी विद्यार्थी" असं सगळेच छापतात. ती फट कुठे आहे आणि कुठे नाही, ते बघितलं की जाहिरात किती खरी ते कळतं.

आता पैशाच्या उलट्या प्रवाहाकडे येतो. अमेरिकेत अठरा वर्षांच्या मुलांची संख्या घटत चालली आहे आणि छोट्या खाजगी कॉलेजांचं पोट फीवर चालतं. डिव्हिजन थ्रीत सरासरी चौथ्या हिश्श्याच्या आसपास विद्यार्थी खेळाडू असतात. लहान आणि अडचणीतल्या कॉलेजांत हे प्रमाण निम्म्यावर जातं. तिथे कोच हा खरं तर प्रवेश विभागाचा फिरता प्रतिनिधी असतो. दरवर्षी अमुक इतकी मुलं आण, असा आकडा त्याच्या डोक्यावर असतो. कोर्टावर एका वेळी पाच खेळतात, फार तर दहा-अकरांना मिनिटं मिळतात, आणि संघात मुलं असतात अठ्ठावीस. उरलेल्यांसाठी जेव्ही नावाचा दुय्यम संघ काढायचा, त्याचे सात-आठ सामने लावायचे, आणि फी मात्र पूर्ण घ्यायची. मुलाला सांगितलेलं असतं "तुला आमच्याकडे खेळायला मिळेल". ते खोटं नसतं, पण खरंही नसतं.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षी जेव्हीत राहिला, दुसऱ्या वर्षी गुडघा धरला, तिसऱ्या वर्षी संघ सोडला आणि कॉलेजात रमला. त्याच्या आईला विचारलं, तर ती म्हणते, "खेळासाठी म्हणून गेला नसता, तर त्या गावाचं नावही आम्ही ऐकलं नसतं." तिच्या बोलण्यात तक्रार होती की समाधान, मला कळलं नाही. पण कॉलेजला जे हवं होतं, ते नेमकं हेच.

खेळाडू आणून कॉलेज वाचतं का, याचं उत्तरही वेळापत्रकांवरच दिसतं, कारण त्यांतून नावं गळत चालली आहेत. फिलाडेल्फियाजवळच्या कॅब्रिनीने २०१२ साली राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ६३–६० असे ते हरले, म्हणजे एका बास्केटचा फरक. बारा वर्षांनी, २०२४ मध्ये, ते कॉलेजच बंद झालं आणि त्याचा परिसर व्हिलानोवा विद्यापीठाकडे गेला. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स त्याच वर्षी बंद पडलं. बर्मिंगहॅम-सदर्नचा बेसबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेत खेळत असतानाच, ३१ मे २०२४ ला, त्यांच्या कॉलेजला टाळं लागलं. चांगला संघ असणं म्हणजे कॉलेजची प्रकृती ठणठणीत असणं, असा अर्थ निघत नाही. मराठी पालकांनी संघाच्या जय-पराजयाइतकाच कॉलेजच्या ताळेबंदाचाही शोध घ्यावा, असं मी आग्रहाने सांगतो. तोही शोधता येतो. प्रत्येक खेळात किती मुलं आहेत आणि त्यावर किती खर्च होतो, हे आकडे कॉलेजांना दरवर्षी केंद्रीय शिक्षण खात्याला कळवावे लागतात आणि खातं ते सर्वांसाठी खुले ठेवतं. अठ्ठावीस मुलांचा संघ तिथे लपत नाही.

पैशाने मोठ्या अशा पहिल्या विभागात यातलं काय उरलं आहे? जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि पहिल्या विभागातली कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, २०२५–२६ साठी एका कॉलेजला वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. खेळाडूंना पैसे मिळू लागले, हे न्याय्यच झालं. त्यांच्या घामावर इतरांनी दशकानुदशकं गब्बर व्हायचं आणि त्यांनी "विद्यार्थी" म्हणून हात जोडून उभं राहायचं, हा प्रकार कधीतरी थांबायलाच हवा होता. माझी तक्रार पैशाबद्दल नाही. कुणाला कितीचा करार झाला, तो कुणी दिला, पुढच्या वर्षी तो मुलगा कुठे असेल, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही, आणि त्यामुळे तिथला नोव्हेंबर म्हणजे अनोळखी माणसांची ओळखपरेड होऊन बसला आहे. आधीच्या मोसमातल्या संघातले दोघे-तिघे जरी उरले, तरी लोक नशीब समजतात.

तिसऱ्या विभागालाही त्याची झळ लागते आहे. डंकन रॉबिन्सन विल्यम्समध्ये पहिल्या वर्षी खेळला. २०१४ च्या अंतिम सामन्यात विल्यम्स व्हाइटवॉटरकडून ७५–७३ हरलं, आणि तो मिशिगनला गेला. तेव्हाच्या नियमाने त्याला एक वर्ष बाहेर बसावं लागलं, पुढे तो मायामी हीटकडून एनबीएची अंतिम फेरी खेळला. त्या काळी हे अप्रूप होतं. आता बदली घेणाऱ्याला बसावं लागत नाही आणि तिसऱ्या विभागात सरासरी वीस गुण करणाऱ्या मुलाला वसंतात फोन यायला लागतात. जाणाऱ्याला मी दोष देणार नाही. फुकट शिक्षण आणि वर पैसे मिळत असतील, तर त्याने का नाकारावं? पण त्याचमुळे नोव्हेंबरातल्या रोस्टरवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाची नावं टिकलेली दिसणं, ही आता नुसती गमतीची माहिती राहिलेली नाही. कॉलेज मुलाला काय देतं, याचा तो पुरावा झाला आहे.

आणि खेळाचा दर्जा? ग्रेग पॉपोविच यांनी सॅन अँटोनियोला पाच एनबीए विजेतेपदं मिळवून दिली, त्याआधी ते कॅलिफोर्नियातल्या पोमोना-पिट्झरचे कोच होते. पहिल्याच हंगामात २ विजय आणि २२ पराभव. डेव्हियन जॉर्ज १९९९ मध्ये मिनियापोलिसच्या ऑग्सबर्ग कॉलेजातून थेट एनबीएच्या लेकर्स संघात गेला आणि तीन विजेतेपदांचा साक्षीदार झाला. अशी नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, हे कबूल. दर्जाचा पुरावा मी त्यांच्यात शोधतही नाही. २०२३ चा अंतिम सामना ख्रिस्तोफर न्यूपोर्टने माउंट युनियनविरुद्ध शेवटच्या भोंग्यासरशी ७४–७२ असा जिंकला. तो बघणाऱ्याला विभागाचा क्रमांक विचारायची गरज पडली नसती.

मूळ मुद्द्याकडे वळतो. हा सगळा हिशोब उघडा राहिला, यामागे वर्षानुवर्षांची एक साधी सोय आहे. सामने संगणकावर फुकट दिसायचे. एक कॅमेरा, माध्यमशास्त्राचे दोन विद्यार्थी, कोपऱ्यातला स्कोअर एक बास्केट मागे, मधेच कुणाच्या तरी आजीचा आवाज माइकमध्ये. पण दिसायचं. पुण्यात बसलेला आजोबा पहाटे साडेसहाला नातवाचा सामना बघू शकायचा. गेल्या काही वर्षांत काही कॉन्फरन्सांनी हे प्रक्षेपण फ्लोस्पोर्ट्ससारख्या कंपन्यांना दिलं आणि बघणाऱ्याला वर्गणी भरावी लागू लागली.

या वर्गणीची बाजू मांडणाऱ्यांचं म्हणणं मी नीट ऐकलं आहे. कॉलेजं बंद पडत आहेत, चार पैसे येत असतील तर येऊ देत, कॅमेरे सुधारतील, ज्याला बघायचं आहे तो भरेल. यातलं पहिलं सगळ्यात वजनदार आहे. कॅब्रिनीचं नाव मीच घेतलं, तेव्हा मला ते झटकून टाकता येणार नाही. पण कॉन्फरन्सला मिळणारी रक्कम आठ-दहा कॉलेजांत वाटली गेली, की एखाद्या बंद पडणाऱ्या कॉलेजला ती वाचवेल, असं कुणी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. दुसरीकडे, जे आई-वडील आधीच वर्षाला हजारो डॉलर फी भरतात, त्यांच्याकडूनच पोरगं बघायचे पुन्हा पैसे घ्यायचे? आणि ज्या अनोळखी माणसाने उत्सुकतेपोटी शनिवारी दुपारी चार सामने उघडून बघितले असते, तो येणारच नाही. नवा प्रेक्षक नोव्हेंबरातच मिळतो. अजून कुणाचंच काही ठरलेलं नसतं, म्हणून त्या महिन्यात सगळे संघ सारखेच बघण्याजोगे असतात. तिकिटाच्या खिडकीवर तो अडकला, की पुढे फेब्रुवारीत तो कशाला फिरकेल?

यावर कुणी म्हणेल, आकडे तर फुकटच आहेत ना, सामना नाही दिसला तर काय बिघडलं? बिघडतं. आकडे कुणी लिहिले, ते खरे की खोटे, हे चित्र बघितल्यावरच तपासता येतं. याची किंमत महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, कमाल पंचवीस. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही सवलती चांगल्या हेतूने दिलेल्या. पण त्यांच्या पाठोपाठ बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं किती गाजली, हे आपण वाचलं आहे. कधी न झालेल्या किंवा कुणी न बघितलेल्या सामन्याचं प्रमाणपत्र तेव्हाच छापता येतं, जेव्हा त्या सामन्याचा गुणफलक कुठेही सापडत नाही. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे बॉक्स स्कोअर, खेळाडूंच्या नावानिशी, त्याच संध्याकाळी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागले, तर अर्धी बोगसगिरी आपोआप आटेल. त्यासाठी अमेरिकेइतका पैसा लागत नाही. एक मोबाइल आणि एक शिस्तीचा विद्यार्थी पुरतो, डिव्हिजन थ्रीतही यापेक्षा फार जास्त कुणी लावलेलं नसतं.

उघड्या हिशोबात लाजिरवाणंही दिसतं, हे मान्य करूनच तो ठेवायचा असतो. कॅलटेक, म्हणजे नोबेल विजेत्यांचं कॉलेज, कॉन्फरन्समधले सलग ३१० सामने हरलं. १९८५ पासून सुरू झालेली ही रांग २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६–४५ अशा एका गुणाने तुटली. इतकी वर्षं त्यांनी संघ गुंडाळला नाही आणि प्रवेशाची पट्टीही खाली आणली नाही. पुढे त्यांनी स्वतःहून एनसीएएला कळवलं की सत्राच्या सुरुवातीला विषय चाचपून बघण्याच्या त्यांच्या पद्धतीमुळे काही खेळाडू कागदोपत्री पूर्णवेळ विद्यार्थी ठरत नव्हते. २०१२ साली शिक्षा झाली. त्यात अपात्र खेळाडूंसह जिंकलेले सामने रद्द करण्याचाही समावेश होता. कॅलटेककडे रद्द करण्याइतके विजय होते, हीच त्या वर्षीची मोठी बातमी, अशी थट्टा तेव्हा झाली. पण चूक स्वतः कळवणारं कॉलेज आणि प्रेक्षक नसताना संघ चालवणारं कॉलेज एकच आहे, हा मला योगायोग वाटत नाही.

माझी मागणी मोठी नाही. कॉन्फरन्सांना पैसे हवेच असतील, तर फेब्रुवारीच्या शेवटच्या कॉन्फरन्स स्पर्धेला तिकीट लावा. तेव्हा भरणारे भरतील, मीही भरेन. पण हंगामाच्या सुरुवातीपासून नाताळपर्यंतचे बाहेरच्या संघांशी होणारे सामने सर्वांसाठी मोफत ठेवा. त्यांत एक संघ नेहमी परक्या कॉन्फरन्सचा असतो. आज त्या पाहुण्या मुलाचे आई-वडील ज्या कॉन्फरन्सशी त्यांचा काडीचा संबंध नाही, तिची वर्गणी एका सामन्यासाठी भरतात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीची, आणि बंद करायला विसरले तर मार्चपर्यंत कार्डावर पैसे कापले जात राहतात. कॉलेजांचे अध्यक्ष कॉन्फरन्सच्या बैठकीत मत देतात. ज्यांची मुलं तिथे शिकतात आणि खेळतात, त्या पालकांनी यंदाचा करार नव्याने होण्याआधी त्यांना पत्र लिहावं, आणि पत्रात आपण वर्षाला किती फी भरतो, तो आकडा पहिल्याच ओळीत घालावा.